खोटी कावीळ

गावातल्या बायकांना दिवस गेलेले त्यांच्या सासवांच्या आधी मला कळतात. याच्यात विद्या काही नाही, मी ब्लाऊज शिवते. दिंद्रुडच्या बाजारगल्लीत गयाबाईंच्या घरामागे पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या आहेत, तिथे आम्ही भाड्याने राहतो. पुढच्या खोलीत माझं मशीन आहे आणि सहा वर्षांत निम्म्या गावाची मापं माझ्या वहीत उतरली आहेत. एखादी येते, चार महिन्यांपूर्वीचं ब्लाऊज पुढे टाकते आणि म्हणते, "माला, जरा सैल करून दे गं, धुतलं की आटलं बघ." आटलेलं कापड आणि भरलेलं अंग यातला फरक मला कळत नाही, असं तिला वाटतं. वाटू दे. मी आत सोडलेल्या जादा कापडातून अर्धा इंच काढून देते आणि तोंडातून चकार शब्द काढत नाही.

तर दुसऱ्यांची गुपितं पोटात ठेवायला मी पक्की. स्वतःचं एक ठेवायला गेले आणि सगळ्याचा विचका करून बसले.

मागच्या वर्षी मला दिवस गेले तेव्हा मी दुसऱ्याच महिन्यात सगळ्यांना सांगून मोकळी झाले होते. माझ्या लेकीच्या, सायलीच्या पप्पांनी, म्हणजे आदिनाथनी, गल्लीभर पेढे वाटले. पंधरा दिवसांत ते गेलं. मग पेढा खाल्लेली एकेक बाई दारात येऊन हळहळून गेली. कुणी वाईट बोललं नाही, पण दर वेळी मला तेच पहिल्यापासून सांगावं लागलं आणि दर वेळी वाटलं, आधी बोलायलाच नको होतं. म्हणून या खेपेला उमापूरहून सासूबाईंचा फोन आला, "माला, तिसरा सरल्याबिगर कुनाला म्हनून सांगायचं न्हाई. भिताडाला सुदिक न्हाई," तेव्हा एरवी असल्या गोष्टींना नाक मुरडणारी मी गपगुमान 'हो आत्या' म्हणाले. मी भ्यालेली होते. सरळ सांगते, हे पोर मला राखायचं होतं.

घरात मी आणि साडेतीन वर्षांची सायली. तिचे पप्पा ऊस तोडायच्या मशीनवर ऑपरेटर आहेत. दिवाळी झाली की सांगलीकडे जातात ते उन्हाळा लागल्यावर परत येतात. सासरे सुंदरराव अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे आत्यांना उमापूर सोडता येत नाही. माझी आई नाही. भिंतीपलीकडे चाँदबीभाभी राहतात. त्यांचे रहमतुल्लाभाई मालवाहू रिक्षात फळं भरून गावोगावच्या बाजारात विकतात. भाभी पाच लेकरांची आई, तिला एका नजरेत कळलं असतं. म्हणून सगळ्यात जास्त मी तिच्यापासूनच लपत होते.

सहाव्या आठवड्यात सुरू झालं. सायलीच्या वेळी मला सगळ्या मिळून दहा-बारा उलट्या झाल्या असतील, त्यामुळे मी तेवढ्याच तयारीत होते. या वेळी पहिल्या दिवशीच सहा झाल्या आणि चौथ्या दिवशी मी मोजणं सोडलं. पाणी प्यायले तर पाणी पडायचं, नाही प्यायले तर हिरवं-पिवळं कडू. स्वतःची थुंकी गिळता येईना. तुपाच्या रिकाम्या डब्यात थुंकत मी मशीन चालवायचे. आणि वास! मशीनच्या तेलाचा, नव्या अस्तराच्या खळीचा, ओल्या फडक्याचा. भाभींकडे लसणाची फोडणी पडली की मी शिलाई अर्धी टाकून मोरीकडे पळायचे.

आत्यांना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमी तर वकत वकत कापूस येचलाय. लिंबू हुंग." मी लिंबू हुंगलं आणि लिंबाच्या वासाने ओकले.

सायलीला मी काही सांगितलं नव्हतं, पण तिने आपलं काम आपणच ठरवून घेतलं. तिच्या आंघोळीची एक छोटी लाल बादली आहे. मी तोंडाला हात लावला रे लावला की ती बादली ओढत आणायची, माझ्या पाठीवर तळवा ठेवायची आणि विचारायची, "झालं?" मी मान हलवली की पाण्याचा गिलास. तिची बाहुलीसुद्धा आता ओकायला लागली होती. बाहुलीच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणायची, "झालं, झालं. आता भाकर खा." घरात भाकर कुठली? मी दूध-बिस्किट द्यायचे, तेही नाकाला पदर लावून. गरम अन्न तिला मिळायचं ते अंगणवाडीतल्या खिचडीचं.

सांगायला लाज वाटते, पण सगळ्यात वाईट वास मला सायलीचाच यायचा. तिच्या डोक्याला मी रोज खोबरेल चोपडते, लहानपणापासूनची सवय. आता ती कुशीत शिरली की त्या तेलाने मला भडभडून यायचं आणि मी तिला ढकलायचे. ढकलायचेच, दुसरा शब्द नाही त्याला. आठ दिवसांत ती कुशीत यायची बंद झाली. चटईच्या पार टोकाला, बाहुलीकडे तोंड करून झोपायला लागली. मी ते बघायचे आणि रडायचे, आणि रडलं की पुन्हा उलटी.

दिवस गेलेली बाई ब्लाऊज सैल करून घ्यायला येते. मी माझं स्वतःचं ब्लाऊज तीन आठवड्यांत तीन वेळा आत घेतलं.

संक्रांत तोंडावर होती. काळ्या साड्यांवरच्या ब्लाऊजचा ढीग पडलेला आणि माझ्याच्याने दिवसाला एकही होईना. त्यात सुग्रीव मास्तरांची बायको आपलं ब्लाऊज न्यायला आली. त्यांच्या गजऱ्याचा वास आधी आत आला. मी दारातच पिशवी हातात दिली, पण त्या कसल्या हलतायत.

"आगं, तोंड बघितलंस का आरशात? डोळे पिवळे दिसायलेत. कावीळ-बिवीळ तर न्हाई ना झाली?"

तोवर मी सगळ्यांना पित्त सांगत होते. पण त्या घटकेला पोटातून वर यायला लागलं होतं आणि ही बाई दारातून गेली पाहिजे, एवढंच मला कळत होतं. "हाव, कावीळच हाय," मी म्हणाले. "लांब ऱ्हावा माझ्यापासनं." आणि दार लावून घेतलं. मोरीत वाकल्या वाकल्या मला वाटलं, काय झकास सुचलं! आता कुणी यायचं नाही, कुणी विचारायचं नाही. तिसरा महिना सरेपर्यंत दार लावून पडू.

दुसऱ्या दिवशी सायलीला सोडायला गेले तर अंगणवाडीच्या ताई दारातच आडव्या आल्या. "माला, राग नको मानू. कावीळ पसरती म्हणत्यात. बारकी लेकरं हायत माझ्याकडं. तीनेक आठवडे हिला नको पाठवू."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. सायली पाठीला दप्तर लावून उभी होती. आतून खिचडीचा वास येत होता, मला नकोसा आणि तिला हवासा. मी तिला वळवलं आणि घरी आणलं. पोरीच्या तोंडचा गरम घास मी एका वाक्यात घालवला होता, आणि तो परत मिळवायला खरं सांगण्याशिवाय वाट नव्हती. ते मला सांगायचं नव्हतं.

मग ती आणि मी, दिवसभर बंद खोलीत. मी मोबाईल लावून द्यायचे, तो संपला की ती बाहुलीला ओकायला लावायची. भाभींनी दोनदा कडी वाजवली. मी आतूनच म्हणाले, "झोपलेय, भाभी." तिसऱ्यांदा त्यांनी वाजवली नाही. मला वाटलं, चिडल्या. इतक्या वर्षांचा शेजार आणि मी तोंडावर दार लावलं. एकच बरं झालं होतं, त्यांच्याकडच्या फोडणीचा वास यायचा बंद झाला होता. ओकून ओकून आपलं नाकच मेलं असेल, असं म्हणून मी त्याचा विचार सोडला.

एका दुपारी मोरीत बसले ती मला उठताच येईना. डोळ्यांपुढे पिवळे ठिपके. सायली तिथेच माझ्याशेजारी बसून राहिली. थोड्या वेळाने तिने अर्धं बिस्किट पाण्यात बुडवून माझ्या ओठाला लावलं, ती बाहुलीला लावते तसं नाही, मोठी माणसं आजाऱ्याला लावतात तसं. साडेतीन वर्षांच्या पोरीला हे कुणी शिकवलं? मीच शिकवलं होतं, तीन आठवडे रोज.

संध्याकाळी सायलीच्या पप्पांचा फोन आला. मी म्हणाले, "अहो, माझ्याच्यानं न्हाई व्हायलं. मी माजलगावच्या दवाखान्यात जाऊन मोकळी होऊन येते."

पलीकडे मशीनचा आवाज होता. तो बंद झाला. मग ते म्हणाले, "तुला झेपंल तसं कर. मी काय म्हनत न्हाई. पर एकली जाऊ नको."

एकली नाही तर कुणाला घेऊन जाऊ? कुणाला सांगितलं होतं आम्ही? फोन ठेवल्यावर मला त्यांचाही राग आला, आत्यांचाही आला, आणि पोटात जे कोण होतं त्याचासुद्धा आला. ज्याला राखण्यासाठी हे सगळं चाललं होतं त्याचाच राग. हे मी आजवर कुणाला बोललेले नाही.

सोमवारी सकाळी घरमालकीण गयाबाई दारात. गयाबाई साठीच्या, अंगाने थोराड, आणि त्यांना दार लावून थांबवता येत नाही, कारण दार त्यांचंच आहे. एका हातात काचेची बाटली, दुसऱ्या हातात पितळी वाटी.

"ऊठ. तेलगावच्या म्होरं एक जन काविळीचं औषध देतो, फकस्त रविवारी. काल दोन घंटे लायनीत उभी व्हते तुझ्यापायी. एस्टी बी चुकली."

त्यांनी बाटलीतलं वाटीत ओतलं. हिरवट, ताकासारखं दाट. त्या औषधाचे नियम त्या घडाघडा सांगू लागल्या. रिकाम्या पोटी घ्यायचं. एका दमात. आणणाऱ्याने समोर उभं राहून पाजायचं आणि रिकामी वाटी उंबऱ्यावर पालथी घालायची, तेव्हा गुण येतो. "कसलं तरी मूळ हाय. लई जालीम. समदं पोट धुऊन काढतंय," त्या कौतुकाने म्हणाल्या.

वाटी माझ्या हातात आली. त्यात काय होतं ते मला आजही ठाऊक नाही. पण पोटुशीला असलं काही देत नाहीत, एवढं मला नक्की कळत होतं. गयाबाईंना ते कळलं नाही, कारण मी त्यांना कळू दिलं नव्हतं.

आणि मग मनात आलं ते आलं. पिऊन टाकावं. माजलगावला जायला नको, डॉक्टरसमोर तोंड उघडायला नको. कावीळ होती, औषध घेतलं, पुढे जे झालं ते झालं. कुणी मला विचारणार नाही. मीसुद्धा मला विचारणार नाही. मी वाटी ओठांपर्यंत नेली.

पाठीवर एक तळवा टेकला. सायली बादली घेऊन माझ्या मागे उभी होती. मी काहीही तोंडाजवळ नेलं की बादली लागते, हे तिला पाठ झालं होतं. दोन्ही पाय फाकवून, बादली नीट माझ्या गुडघ्यापाशी धरून ती तयारीत उभी राहिली. चिमुरडा चेहरा अगदी गंभीर. या अख्ख्या गावात मी किती आजारी आहे हे फक्त तिला माहीत होतं. कारण दुसऱ्या कुणाला मी माहीत होऊ दिलं नव्हतं. आणि समोर ही म्हातारी, माझ्यासाठी दोन तास उभी राहिलेली, पदराने घाम पुसत, मी बरी व्हावी म्हणून बघत होती. मोकळं व्हायचं असेल तर मी माझ्या तोंडाने सांगून होईन. गयाबाईंच्या हातून, त्यांना न कळता, नाही.

"गयाबाई, मला कावीळ न्हाई," मी म्हणाले. "मला दिवस गेलेत. दहावा आठवडा हाय."

गयाबाईंनी माझ्या हातातली वाटी अशी हिसकावली की अर्धं औषध त्यांच्याच लुगड्यावर सांडलं. "आगं ये बाई! आगं मग कावीळ कावून सांगितलीस? आन् मी... आगं मी हे तुला पाजीत व्हते की गं!" आणि एवढी धिप्पाड बाई उंबऱ्यात मटकन बसली आणि रडायला लागली. तिला रडताना बघून सायली रडायला लागली. मग मीही बसले. बादलीचा उपयोग झालाच.

नळापाशी भांडी आदळल्याचा आवाज झाला आणि चाँदबीभाभी हात पुसत आल्या.

"बोलली एकदाची!" त्या म्हणाल्या. "अगे, मी वाटच बघत व्हते, हिचं तोंड कधी उघडतंय."

"भाभी, तुमाला म्हाईत व्हतं?"

"पहिल्या दिसापासनं. मधी एक भिताड हाय, बेटा, आन् ते बी एका विटंचं. काविळीचं वकनं येगळं आन् हे येगळं. पाच काढलेत मी."

"मग बोलल्या का न्हाईत?"

"तू लपवत व्हती. मागच्या साली काय झालं ते म्या बघितलं न्हाई का? लपवनाऱ्या बाईचं उघडं करू नये. म्हनलं, तिचा तीन म्हैन्यांचा हिशेब तिला पुरा करू दे." त्यांनी माझं मनगट हातात धरून बघितलं आणि त्यांचा सूर बदलला. "पर आता बास. हे काय हाडूक राहिलं नुसतं. चल, माजलगावला."

"सायलीला कुठं ठेवू?" मी म्हणाले. तीन आठवडे माझ्या डोक्यात हेच घोळत होतं. दवाखान्यात ठेवून घेतलं तर सायलीला कुठे ठेवू, म्हणून मी दवाखान्यात जात नव्हते.

भाभींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेडी आहे. "माझ्या घरात. अजून कुठं? पाचाचे सा."

इतकं सोपं होतं ते. मला त्या क्षणी एवढं हलकं वाटलं की हसू आलं, आणि हसताना चक्कर आली.

रहमतुल्लाभाईंनी रिक्षातले पेरूचे क्रेट उतरवले, मला वास येऊ नये म्हणून मागचा हौदा पाण्याने धुतला, चटई टाकली. गयाबाई माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या आणि माजलगाव येईपर्यंत स्वतःला शिव्या देत राहिल्या. मध्येच मलाही दोन घातल्या. उरलेलं औषध त्यांनी निघताना शेवग्याच्या बुडाला ओतलं होतं. शेवग्याला काहीही झालं नाही, उलट पुढे मार्चमध्ये झाड शेंगांनी वाकलं, पण ते असो.

डॉक्टरबाई तरुण होत्या. वजन केलं, सात किलो गेलेलं. लघवी तपासली आणि म्हणाल्या, "किती दिवस झाले हे?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि तुम्ही घरी बसून होतात? हा आजार आहे, ताई. सगळ्यांना होतं तसलं हे नाही. शंभरात एखादीलाच एवढं होतं आणि त्याला औषधं आहेत. पोटातल्या बाळाला चालणारी औषधं."

मी गयाबाईंना बाहेर जायला सांगितलं आणि म्हणाले, "मला हे ठेवायचं का न्हाई, तेच कळंना झालंय."

मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "ते आत्ता ठरवू नका. आत्ता तुम्ही उपाशी आहात, अंगात पाणी नाही. आधी तुम्हाला उभं करू. मग विचारते. जे सांगाल ते ऐकेन." थोड्या वेळाने मी मागच्या वर्षीचं सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, "ते सांगितल्यामुळे गेलं नाही हो. ते जाणारच होतं. तुमच्या तोंडाचा त्यात काही दोष नाही." वर्षभर मी जे छातीवर घेऊन फिरत होते ते या बाईने दोन वाक्यांत उतरवून ठेवलं.

हाताला सलाईन लागलं. त्यात दोन-तीन इंजेक्शनं गेली. दुपारचे चार वाजले असतील, मी छताच्या पंख्याकडे बघत होते, आणि एकदम लक्षात आलं की मी मघाशी थुंकी गिळली. सहज. कुणी शेजारी नव्हतं, नाहीतर ओरडून सांगितलं असतं. मग मी झोपले ती सकाळपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी सायलीचे पप्पा एस्टीने आले, अंगावर अजून उसाच्या पाचटाची धूळ. गयाबाईंनी त्यांना वॉर्डाच्या दारातच गाठून असं झापलं की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. "तिकडं मशीन चालवतूस आन् हिकडं बायकूचं मशीन बंद पडाय लागलंय, कळंना का तुला?" ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग माझ्याजवळ येऊन बसले आणि माझा सुई टोचलेला हात नुसता धरून ठेवला. उमापूरला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला काय म्हाईत, इतकं व्हतं कुनाला. मालाला म्हनावं, चुकलं माझं." आत्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई आल्या आणि खाटेच्या कडेला उभ्या राहिल्या. "मी विचारणार होते. काय ठरवलंत?"

"भूक लागलीय," मी म्हणाले.

त्या हसल्या. गयाबाईंनी फडक्यातली शिळी भाकरी काढली, थंडगार, तिला वासच नव्हता. वर मीठ भुरभुरवलं. मी चतकोर खाल्ली आणि सगळे माझ्याकडे बघत बसले, मी काही मोठा पराक्रम करतेय तसे. ती पोटात राहिली. मग डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीच्या खोलीत नेलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. काळ्यात एक दाणा, आणि दाण्यात काहीतरी लुकलुकत होतं, भराभर. एवढं सगळं माझ्या अंगातलं ओकून गेलं, आणि हे आपलं आत व्यवस्थित चाललेलं. मला त्याचा राग येईना. मी म्हणाले, "ठेवायचं." कुणी पुन्हा विचारलं नव्हतं तरी म्हणाले.

ओकाऱ्या संपल्या असं नाही. पाचवा महिना लागेपर्यंत दिवसाला दोन-चार होत राहिल्या, मध्ये एकदा परत सलाईन लावावं लागलं. पण गोळ्या होत्या, आणि मुख्य म्हणजे दार उघडं होतं.

त्या तिसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यातून परत आलो तेव्हा गल्लीला सगळं कळलेलं होतं. अंगणवाडीच्या ताई गरोदर बायकांत माझं नाव लिहून घ्यायला रजिस्टर घेऊनच उभ्या, सुग्रीव मास्तरांची बायको लांब उभी, गजरा न माळता. सायली कुठे दिसेना. भाभींच्या दारात गेले तर दार उघडं आणि आत चूल नाही, शेगडी नाही, ओट्याची जागा मोकळी.

"शेगडी कुठंय, भाभी?"

त्यांच्या थोरल्या लेकीने, जिनतने, वर बोट दाखवलं. त्यांच्या स्लॅबच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, पत्रे लावून शेगडी मांडलेली होती. "आमी दोन आठवडं वरच रांधतो," ती म्हणाली. "अम्मी म्हनली, फोडनी खाली द्यायची न्हाई. जिना चढून चढून माझे पाय गेले."

माझं नाक मेलेलं नव्हतं तर. ज्या बाईच्या तोंडावर मी दार लावलं होतं ती माझ्यासाठी रोज तीन वेळा भांडी घेऊन जिना चढत होती, थंडीत, आणि तिने कडी तिसऱ्यांदा वाजवली नाही ती रागाने नव्हे. मी भाभींकडे बघितलं. मी पदर डोळ्यांना लावला.

"आता रडू नको," त्या म्हणाल्या. "वकशील."

तेवढ्यात सायली जिन्यावरून खाली आली, एकेक पायरी बसत, हातात लाल बादली. तीन दिवसांनी मला बघून ती धावत आली आणि माझ्यापासून दोन हातांवर येऊन थांबली. तिथेच उभी राहिली. तिला तेवढंच अंतर ठाऊक होतं.

"हिनं मला सांगितलं," भाभी हळूच म्हणाल्या. "म्हनली, मम्मीला माझा वास येतो. म्हनून परवा शिकेकाईनं डोकं धुतलं, काल धुतलं, आज नुसत्या पान्यानं धुतलं. तेलाचं बोट लावलेलं न्हाई."

तर पोरीला सगळं कळत होतं. कळत होतं आणि ती आपणहून लांब राहत होती. मी खाली बसले, हात पुढे केले. "ये."

ती आली, पण आधी तिने बादली माझ्या गुडघ्यापाशी नीट ठेवली. मग कुशीत शिरली, अंग आकसून, श्वास धरून. मी तिच्या ओलसर केसांत नाक खुपसलं आणि भरपूर वास घेतला. पाण्याचा वास होता, उन्हाचा होता, आणि त्याच्याखाली तिचा होता. मी तशीच थांबले. पोटात काही हललं नाही. मी अजून एकदा वास घेतला.

सायलीने माझ्या पाठीवर तळवा ठेवला आणि विचारलं, "झालं?"

"झालं," मी म्हणाले. तिने पायाने बादली बाजूला सारली आणि मग कुठे अंग सैल सोडलं.